न मागण्याचा नवस

त्या साली अमेरिकेच्या लढाईने वऱ्हाडातल्या देवांना अगदी जेरीस आणलं होतं. लढाई कुणाकुणात लागली, कशावरून लागली, हे अकोटपासून मोर्शीपर्यंत कुणालाही सांगता आलं नसतं. पण ती संपता कामा नये याविषयी मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लढाई आहे तोवर तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, आणि तो जात नाही तोवर विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसतात, एवढं ज्ञान लोकांना पुरत होतं. कुणी मारुतीला शेंदूर कबूल करी, कुणी देवीला लुगडं. बोरखेडच्या महादेवापुढे तर नारळांचा असा खच पडे, की देवीदास गुरवाच्या घरी कित्येक दिवसांत खोबऱ्याशिवाय भाजी शिजली नव्हती.

या धामधुमीत गावातला एकच माणूस देवाकडे काही मागत नव्हता. तो म्हणजे खुशालराव. दर सोमवारी तो देवळात येई, घंटा वाजवी, हात जोडी आणि तोंड न उघडता परत जाई. गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

"खुशालराव, खरं सांगा," शेजारचा सूर्यभान एकदा त्याला पारावर गाठून म्हणाला, "तुमाले मुंबईहून खबर येते ना? लढाई अजून चालनार हाये, हे पक्कं ठाऊक हाये तुमाले. म्हनून तुमी देवाच्या मांगं लागत नाही."

"मले कोन खबर देते, बापा?"

"नका सांगू. पन कापूस कवा इकायचा ते एवढं इशाऱ्यानं सांगजा."

खुशालराव पारावरून उठून घराकडे चालू लागला. त्यावरून सूर्यभानची खात्रीच पटली.

खरी गोष्ट अशी होती, की खुशालरावाला मागताच येत नव्हतं. बऱ्याच वर्षांमागे, मिसरूड फुटायच्या वयात, तो भर दुपारी याच महादेवापुढे आडवा पडला होता. "देवा, मोर्शीची जमुना मले दे," तो म्हणाला होता. "एवढं दे, यापुढं तुह्याजवळ काहीच मांगनार नाही. पुन्हा मांगतलं तं मी खोटा." दुसरे लोक असल्या वेळी बकरं नाहीतर चांदीचे डोळे कबूल करतात. खुशालरावाच्या घरी तेव्हा कबूल करण्याजोगं काही नव्हतं, म्हणून त्याने पुढच्या जन्मभराची मागणी एका रकमेत देवाला वाहून टाकली. जमुनेचं त्या वेळी इलिचपूरच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं. ते मोडलं, आणि तिचा बाप आपण होऊन बोरखेडला आला. देवाने आपली बाजू चोख पुरी केली.

हे त्याने जमुनेला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "तुह्या बापानं आमच्या दारी चपला झिजवल्या, तवा कोठी म्या हो म्हनलं." असं वाक्य एकदा निघालं की ते निभवावं लागतं. खुशालरावाने ते वर्षानुवर्षं निभवलं. इतकं, की कधीकधी त्याला ते स्वतःलाच खरं वाटे.

मध्यंतरी मूल झालं नाही. गाव जमुनेला वांझ म्हणू लागलं. आधी माघारी आणि मग तोंडावर. दर दसऱ्याला सोनं द्यायला आलेला कुणीतरी खुशालरावाला दुसरी बायको सुचवून जाई. तो "पाहू" म्हणे आणि पाहत नसे. देवाला मात्र त्याने एका शब्दाने विचारलं नाही. आणि कापसाच्या त्या धामधुमीच्या साली, कुणी काही न मागता, जमुनेला दिवस गेले.

सातवा महिना लागला तसा तिचा भाऊ उत्तमराव तिला मोर्शीला न्यायला बैलांची दमणी घेऊन आला. आणि तिथे गाडं अडलं.

जमुनेच्या माहेरी एक रीत होती. पहिलटकरीण बाळंतपणाला निघाली, की शीव ओलांडायच्या आधी नवऱ्याने तिला शेजारी उभं करून गावच्या देवापुढे नारळ बांधायचा, आणि काय पाहिजे ते आपल्या तोंडाने, मोठ्याने मागायचं. मनातल्या मनात मागितलेलं चालत नसे. नवरे मनात काय काय मागतील याचा भरवसा नाही, असं तिकडच्या बायकांचं म्हणणं होतं. नारळ बाळ झाल्यावर सोडायचा. जमुनेच्या दोन्ही बहिणी अशाच गेल्या होत्या आणि धडधाकट परत आल्या होत्या. एक चुलतबहीण मात्र नारळाशिवाय गेली. तिचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

"मी नारळ आनतो," खुशालराव म्हणाला. "बांधतो. बोलायचं तेवढं तू बोल."

"लेकरू माहं एकटीचंच हाये का?" जमुना म्हणाली.

"मंग उत्तमराव बोलतीन."

ओट्यावर जेवत बसलेला उत्तमराव म्हणाला, "मी काहून बोलू? मले काय समंध?" आणि त्याने वरण मागितलं.

खुशालरावाने इतर वाटाही धुंडाळून पाहिल्या. नवस महादेवाशी झाला होता, तेव्हा मारुतीकडे जावं असं त्याच्या मनात आलं. पण मारुती पडला ब्रह्मचारी, त्याच्यापुढे बाळंतपणाचा विषय काढणं बरं दिसेना. मग त्याने 'होईल सगळं चांगलं' एवढंच मोठ्याने म्हणण्याचा प्रस्ताव मांडला. हे काही मागणं नव्हे, नुसता अंदाज आहे, असा त्याचा हिशेब.

जमुना त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. "तुमाले लेकरू नको हाये," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि खुशालरावाला त्याचीच धास्ती वाटली. "साऱ्या गावानं कापसासाठी देवाचं डोस्कं खाल्लं. तुमच्यानं लेकरासाठी एक शबद निघत नाही. मी अडली तं अडली. मेली तं दुसरी हायेच गावानं पाहून ठेवलेली."

ती उठली, देवघरात गेली आणि घरचे सगळे देव उचलून तिने घंगाळातल्या पाण्यात बुडवले. नवरा महादेवापुढे तोंड उघडेपर्यंत देव पाण्यात आणि आपण घरात, असं तिने जाहीर केलं. उत्तमरावाने बैल सोडले आणि आणखी काही दिवसांचा मुक्काम गृहीत धरला.

खुशालरावाने कापसाच्या गाड्या जुंपल्या आणि अमरावतीची वाट धरली. कापूस अकोटलाही गेला असता. पण अमरावतीला कमलाकांतशास्त्री राहत होते. ते काशीहून न्यायशास्त्र शिकून आले होते, आणि कसलाही गुंता सोडवतात अशी त्यांची ख्याती होती.

अमरावतीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांच्या रांगा शहराबाहेरपर्यंत आल्या होत्या, हवेत रुई उडत होती, आणि ज्याला त्याला तिचाच ठसका लागत होता. खुशालरावाने कापूस पहिल्या भेटलेल्या अडत्याला दिला आणि भावाची घासाघीसही केली नाही. त्यामुळे भाव पडणार असं वाटून त्या अडत्याने घाबरून बाकीच्या गाड्यांची खरेदी तासभर बंद ठेवली, असं म्हणतात.

कमलाकांतशास्त्री ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. गेलं वर्षभर त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस कापसाचा मुहूर्त विचारायला येत होता, आणि त्यांना मुहूर्तांचा वीट आला होता. खुशालरावाने सगळी हकीकत सांगितली. शास्त्रीबुवा ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला.

"वा!" ते म्हणाले. "वा, खुशालराव! कित्येक दिवसांनी या घरात विचार करण्याजोगं काही आलं. रमे, यांना गूळपाणी दे! म्हणजे, पुन्हा मागणार नाही असा शब्द तुम्ही देवाला दिलात; आणि तुमच्या पत्नीने देवाला पाण्यात ठेवून मागितलंय काय, तर तुम्ही मागावं!"

"तेच तं."

"जो सर्वशक्तिमान, तो घंगाळात. आणि त्याला बाहेर काढायचं तर त्याच्याशी केलेला करार मोडायचा. सुंदर आहे!"

"सुंदर असंन, महाराज. पन सातवा संपत आला तिचा. देव सारं करू शकते ना?"

"सारं."

"मंग त्यानं असं करावं, का म्या मांगतलंही पायजे आन माहा शबदही मोडला नाही पायजे."

शास्त्रीबुवांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे मात्र तो करू शकत नाही."

"काहून? आताच तं सारं म्हनले तुमी."

"सारं म्हणजे जे जे काही आहे ते. तुम्ही मागितलं आणि तुम्ही मागितलं नाही, हे दोन्ही एकदम खरं असणं ही काही वस्तूच नव्हे. नुसते शब्द शेजारी शेजारी ठेवलेत. आता असं पाहा, सशाचं शिंग देवाला आणता येत नाही, ते तो दुबळा आहे म्हणून नव्हे. आणायला ते आहे कुठे? किंवा आमच्या शास्त्रातलं दुसरं उदाहरण घ्या. वांझेचा मुलगा."

खुशालरावाच्या हातातला गुळाचा खडा तोंडाशी थांबला.

"तो माह्या घरी येऊन राहिला, महाराज," तो म्हणाला.

"काय?"

"वांझेचा पोरगा. नाहीतं पोरगी. साऱ्या गावानं तिले वांझ ठरवलं होतं."

शास्त्रीबुवा दचकले. आतून पाण्याचा आणखी एक तांब्या घेऊन आलेल्या रमाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी घाईने सुपारी तोंडात टाकली. पण शास्त्र सोडलं नाही. "गावाची चूक झाली," ते जरा नरमाईने म्हणाले. "तुमच्या पत्नी वांझ नव्हत्याच. गावाने अंदाजाने म्हटलं होतं. आमच्या पोथीतली वांझ व्याख्येने वांझ आहे. तिला मूल झालं तर ती पोथीतली राहत नाही. तुमच्या घरी आनंदाची गोष्ट आहे, खुशालराव, पण ती तर्काच्या विरुद्ध काही नाही."

हे खुशालरावाला पटलं. उलट बरंच वाटलं. इतक्या वर्षांत जमुना वांझ नव्हती असं उघड म्हणणारा हा पहिलाच शहाणा माणूस.

"मंग माह्या नवसाचं असंच व्याख्येनं काही पाहा ना," तो म्हणाला. "देव मोठा हाये. त्यानं मले शबदातून मोकळं करावं."

"करील की. त्याला काय अडचण? बांधून तुम्ही घेतलंय, तो मोकळाच आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, देवा, मला मोकळं कर."

"ते मांगनंच झालं."

"हं." शास्त्रीबुवा सावरून बसले. "मग न मागता तो देईल. मूल दिलंच ना न मागता?"

"देलं. पन जमुना म्हनते, मोठ्यानं मांगा. देवाचं भागते हो न मांगता. तिचं भागत नाही."

"मग मागा आणि शब्द मोडा. तुम्ही खोटे ठराल, हे तर्काने टळत नाही. पण देव खोट्याला खरं करू शकत नसला तरी खोट्याला क्षमा नक्की करू शकतो. त्याला तर्काची काही आडकाठी नाही. मागून मोकळे व्हा आणि लगेच क्षमा—"

शास्त्रीबुवा थांबले.

"क्षमा काय करायची, महाराज?" खुशालरावाने विचारलं.

"मागायची," शास्त्रीबुवा खोल आवाजात म्हणाले.

ओसरीवर रुईचा एक पुंजका आला आणि पानाच्या तबकात बसला.

"उद्या या," शास्त्रीबुवा अखेर म्हणाले. "मला एक दोन ग्रंथ पाहू द्या. चारपाच पाहू द्या. प्रश्न फार उत्तम आहे."

खुशालरावाने पायांवर डोकं ठेवलं. तो उठत होता तेवढ्यात रमाबाई दाराआडून म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं त्यांना सांगितलंत का हो? तुमच्या घरी?"

"कोनाले? जमुनाले? नाही बा."

"का?"

चपलांची गोष्ट परक्या बाईला कशी सांगावी, ते खुशालरावाला सुचेना. "तसंच," तो म्हणाला.

"बाळंतपणाला निघालेल्या बाईला आपण नकोशा झालोत असं वाटतंय," रमाबाई म्हणाल्या, "आणि हे आपले खरे राहताहेत." हे नेमकं कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, पण शास्त्रीबुवांनीही मान खाली घातली.

परतीची वाट रिकाम्या गाड्यांची होती, त्यामुळे बैल झपाझप चालले आणि खुशालरावाला विचार करायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही. मिळाला तेवढ्यात त्याने एवढंच ठरवलं, की आपण यातलं काही सोडवू शकत नाही. काशीला जाऊन आलेल्या माणसाला जे सुटलं नाही ते बोरखेडात कसं सुटणार? दोन गोष्टी एकदम होत नाहीत. मग एक सोडायची. खरेपणा सोडायचा की जमुना, असं मनाशी विचारल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, कारण हा प्रश्न मुळीच अवघड नव्हता.

घरी आला तेव्हा देव पाण्यातच होते, आणि उत्तमराव अंगाने भरला होता.

"चाल," खुशालराव जमुनेला म्हणाला. "नारळ आनला."

"बोलान?"

"बोलतो. तू फक्त मधात बोलू नको."

देवळात गर्दी होती. लढाईची काही उलटसुलट बातमी आली होती, आणि नवस ताजे करायला अर्धं गाव लोटलं होतं. खुशालराव हातात नारळ घेऊन येताना दिसला तशी चुळबुळ सुरू झाली. ज्याने आजवर काही मागितलं नाही तो मागायला आला, म्हणजे भाव पडणार, असं सूर्यभानने शेजारच्याच्या कानात सांगितलंही. देवीदास गुरवाने वाट करून दिली. खुशालराव पिंडीपुढे उभा राहिला. शेजारी जमुना पोट सावरून उभी राहिली.

"महादेवा," तो म्हणाला. त्याने खाकरून घेतलं. "महादेवा, मी खुशाल. बरेच दिवस झाले बोलून. मांगं एक डाव आलो होतो, तुले ध्यानात असंन. ही मांगतली होती तुले."

जमुनेने मान वळवली.

"हिचं इलिचपूरले ठरून राहिलं होतं. म्या म्हनलं, ही दे, मंग जलमभर तोंड उघडत नाही. तुवा देली. हिचा बाप एकाच डावात आला, आन मी घरात जाऊन रडलो. चपला कोनाच्याच झिजल्या नाही." देवळात आता कुणी खोकतही नव्हतं. "तवापासून तोंड उघडलं नाही. गावानं हिले नाही नाही ते म्हनलं, तरी उघडलं नाही. आज उघडून राहिलो. शास्त्रीबुवा म्हनते, म्या मांगतलं तं मी खोटा पडन, ते देवालेही टाळता येत नाही. नको टाळू. मी खोटा. पन ही जगली पायजे. आंधी ही, मंग लेकरू. दोन्ही दे. पन आंधी ही."

त्याने नारळ तुळईला बांधला. गाठ बसेना. देवीदासाने पुढे होऊन ती मारून दिली.

जमुनेने पिंडीला हात जोडले, घरी आली, देव घंगाळातून काढले, पदराने एकेक पुसून जागेवर ठेवले, आणि दमणीत जाऊन बसली. उत्तमराव हातातली भाकरी तशीच टाकून धावला.

शीव ओलांडेपर्यंत खुशालराव गाडीच्या बाजूने पायी चालत होता. आत बसायची त्याची छाती होत नव्हती. जमुना तट्ट्याला टेकून समोर पाहत होती. कपाशीची शेतं दोन्ही अंगांनी मागे पडत होती.

"मले कोठी पायलं होतं?" तिने विचारलं.

"आं?"

"देवाले मांगाच्या आंधी. कोठी पायलं होतं?"

"मोर्शीच्या बाजारात." खुशालरावाने बैलांच्या शेपट्यांकडे पाहत सांगितलं. "एका मानसाचा गोऱ्हा तुह्या टोपलीतली मेथी खाऊन राहिला होता. तू त्या मानसाले शिव्या देऊन राहिली होती. लय वेळ देल्या. त्याच्या आज्यापासून सुरुवात केली होती."

जमुनेला आठवलं. "लय बेअक्कल मानूस होता तो. गोऱ्हा आवरायचा सोडून नुसता माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता."

"हो."

"बोलतही नव्हता."

"काय बोलनार होतो?" खुशालराव म्हणाला.

दमणीच्या आतून असा काही आवाज आला, की उत्तमरावाने कासरा ओढून बैल जागच्या जागी थांबवले आणि घाबरून मागे पाहिलं. "काय झालं व, बाई? कळा लागल्या काय?"

जमुनेला हसण्यामुळे बोलता येत नव्हतं. तिने एका हाताने पोट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती नवऱ्याला गाडीत बोलावत होती.